जागे राहायचं म्हणजे काय करायचं? नव्या विश्वासणाऱ्यासाठी आत्मिक सिद्धतेच्या पायऱ्या

नव्याने विश्वासात आलेल्या माणसाच्या कानावर एक वाक्य फार लवकर पडतं: "प्रभू कोणत्याही घटकेला येईल, सिद्ध राहा." वाक्य खरं आहे, प्रभू येशूच्याच शिकवणीतलं आहे. अडचण एवढीच, की सांगणारा बहुधा तिथेच थांबतो. सोमवारी सकाळी उठून सिद्ध राहायचं म्हणजे काय करायचं, हे तो सांगत नाही. मग कोणी घाबरून जातं, कोणी बातम्यांमध्ये शेवटच्या काळाची चिन्हं शोधत बसतं, आणि बरेच जण महिन्याभरात ते वाक्यच विसरतात.

हा लेख त्या सोमवारसाठी आहे. तुम्ही अलीकडे विश्वासात आला असाल, किंवा ख्रिस्ती घरात वाढून आता कुठे हे मनावर घेतलं असेल, तर खालच्या पायऱ्या क्रमाने घ्या. सगळ्या एका आठवड्यात उरकायच्या नाहीत. पहिल्या तीन मात्र लांबणीवर टाकू नका, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

पायरी पहिली: मत्तयाचे दोन अध्याय एका बैठकीत वाचा

मत्तयकृत शुभवर्तमानाचे 24 आणि 25 हे अध्याय काढा आणि सलग वाचा. अर्धा तास पुरतो. या विषयावरचं कुणाचंही प्रवचन, व्हिडिओ किंवा पुस्तक त्याआधी नको.

प्रभू जैतुनाच्या डोंगरावर बसलेला आहे आणि शिष्य विचारतात, हे सगळं कधी होईल? तो चिन्हांबद्दल बोलतो, पण तारखेच्या प्रश्नावर दार लावून घेतो: तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या देवदूतांना नाही आणि पुत्रालाही नाही (24:36). त्यानंतर तो लागोपाठ दृष्टांत सांगू लागतो. वाचताना वही जवळ ठेवा आणि प्रत्येक दृष्टांतापाशी एकच गोष्ट लिहा: यात जो सिद्ध होता, तो धनी येईपर्यंत काय करत होता?

उत्तरं अगदी साधी निघतात. विश्वासू दास घरातल्या माणसांना वेळेवर जेवण देत होता. शहाण्या कुमारींनी भांड्यांत तेल भरून घेतलं होतं. ज्यांच्याकडे धन्याने पैसा सोपवला होता, त्यांतल्या दोघांनी व्यापार करून तो वाढवला. शेवटच्या प्रसंगात उजव्या हाताच्या लोकांनी भुकेल्याला खायला घातलं होतं, आजाऱ्याची काळजी घेतली होती, तुरुंगातल्या माणसाला भेटायला गेले होते, आणि हे आपण राजासाठी केलं याचा त्यांना पत्ताही नव्हता. या चारही ठिकाणी कोणी आकाशाकडे डोळे लावून बसलेलं नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात शिष्य खरोखरच वर बघत उभे राहिले, तेव्हा त्यांनाही विचारलं गेलं, इथे आकाशाकडे बघत का उभे आहात?

दहा कुमारींच्या दृष्टांतापाशी जरा जास्त थांबा. वराला उशीर झाला तेव्हा डुलक्या कोणाला लागल्या? दहाही जणींना. शहाण्यासुद्धा झोपल्या, आणि प्रभू त्यांना झोपेबद्दल एका शब्दाने बोलत नाही. फरक झोपेत नव्हता, तेलात होता. मध्यरात्री हाक आली तेव्हा ज्यांच्याजवळ तेल होतं त्या उठून वात नीट करून निघाल्या. ज्यांच्याजवळ नव्हतं त्यांना ते दुसरीकडून उसनं मिळेना. मला वाटतं, नव्या माणसासाठी या दोन अध्यायांतली सगळ्यात मोकळं करणारी गोष्ट ही आहे. सतत ताणात, डोळे ताणून जगायला प्रभू सांगत नाही. तुम्ही दमाल, झोपाल, काही दिवस प्रभूच्या येण्याचा विचारही मनात येणार नाही. हाक येईल तेव्हा आत काही साठलेलं आहे का, एवढाच प्रश्न आहे. आणि ते आधीच, सामान्य दिवसांत साठवावं लागतं.

आता लूक 12:37 वाचा. दास जागे सापडले तर धनी काय करतो? तो स्वतः कंबर बांधतो, त्यांना जेवायला बसवतो आणि वाढतो. ज्यांना प्रभूच्या येण्याच्या कल्पनेने धडकी भरते त्यांनी हे वचन लिहून डोळ्यांसमोर ठेवावं. पैसा जमिनीत पुरून ठेवणारा दासही धन्याला घाबरत होता. त्या भीतीने त्याच्याकडून काहीच काम झालं नाही.

पायरी दुसरी: तारखांचा नाद सोडा

विल्यम मिलर हा अमेरिकेतला बाप्टिस्ट उपदेशक. दानीएलाच्या पुस्तकातल्या संख्यांवरून त्याने हिशेब मांडला की प्रभू 1843 ते 1844 च्या दरम्यान येणार. पुढे त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस पक्का धरला. काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. दिवस उजाडला आणि मावळला. अलीकडचं उदाहरण हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकाचं. त्याने आधी 21 मे 2011 सांगितलं, मग 21 ऑक्टोबर 2011, आणि 2012 साली अशी तारीख सांगणं पाप होतं हे कबूल केलं. ही माणसं लबाड होती असं नाही. मिलर तर प्रामाणिकच होता. पण पित्याने स्वतःच्या हातात ठेवलेली गोष्ट त्यांनी वहीत मांडायला घेतली.

हा रोग जुना आहे. इसवी सन 50 च्या आसपास पौलाने थेस्सलनीका इथल्या मंडळीला लिहिलं. त्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो सांगतो की प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे असं कोणी आत्म्याच्या नावाने, तोंडी वचनाने किंवा आमच्या नावाच्या पत्राने सांगितलं तरी एकदम घाबरून जाऊ नका (2:2). त्या वेळी खोटं पत्र पाठवायचे, आता मोबाइलवर पुढे ढकलतात.

म्हणून करायचं ते असं. तारीख सांगणारा किंवा 'या वर्षाच्या आत' म्हणणारा संदेश आला तर पुढे पाठवू नका आणि पाठवणाऱ्याशी वादही घालू नका. युद्ध किंवा भूकंपाची बातमी ऐकली की मत्तय 24:6 आठवा: घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. त्या बातमीतल्या माणसांसाठी प्रार्थना करा आणि जमेल ती मदत पाठवा. महासंकट आधी की मंडळीचं वर घेतलं जाणं आधी, हजार वर्षांच्या राज्याचा अर्थ काय, यांवर भक्तिमान विद्वानांचीही वेगवेगळी मतं आहेत. पहिलं वर्ष तरी त्या वादात घालवू नका. जिथे सगळे एक आहेत ते पुरेसं आहे: 381 साली आजच्या रूपात आलेल्या नायसीन मतांगिकारात, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाच्या जुन्या जाहीर कबुलीत, आपण म्हणतो की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला गौरवाने पुन्हा येईल.

पायरी तिसरी: पाया तपासा

इथे थोडक्यात, पण स्पष्ट. या लेखातली एकही पायरी तारण मिळवून देत नाही. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल लिहितो की तुमचं तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झालेलं आहे, आणि ते देवाचं दान आहे. वधस्तंभावरच्या चोराला ना नियमित वाचन जमलं, ना उपास, ना मंडळीची संगती. तरी त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं अभिवचन मिळालं.

मग स्वतःला विचारा: मी पापापासून वळून येशू ख्रिस्तावर भरवसा ठेवला आहे का? ठेवला नसेल, तर आधी तेच. शब्द साधे चालतात, मोठ्याने बोललात तर उत्तम. बाप्तिस्मा झाला नसेल तर पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी बोला. लहानपणी झाला असेल आणि त्याचा अर्थ आता कळू लागला असेल, तरी त्यांच्याशी बोला. वेगवेगळ्या मंडळ्यांच्या रीती वेगळ्या आहेत, ते तुम्हाला पुढचं सांगतील.

पायरी चौथी: दिवसाची दोन टोकं बांधा

नवा विश्वासणारा पहिल्याच आठवड्यात पहाटे उठून दीड तास प्रार्थना करायची ठरवतो आणि दहाव्या दिवशी सगळंच सोडून देतो. असं करू नका. सकाळी पंधरा मिनिटं आणि रात्री दहा मिनिटं ठरवा. कमी वाटली तरी तेवढीच ठेवा.

सकाळी फोन हातात घेण्याआधी पवित्र शास्त्र घ्या. सुरुवात मार्कापासून करा. 16 अध्यायांचं हे सगळ्यात छोटं शुभवर्तमान आहे. रोज एक अध्याय घेतला तर दोन आठवड्यांच्या थोडं पुढे संपतं. मग योहान, मग प्रेषितांची कृत्ये, मग थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र आणि याकोबाचं पत्र, दोन्ही पाच-पाच अध्यायांची. सोबत रोज एक स्तोत्र. प्रकटीकरण हे पवित्र शास्त्रातलं शेवटचं पुस्तक सध्या बाजूला ठेवा. ते महत्त्वाचं नाही म्हणून नव्हे, त्यातली चित्रं दानीएल, यहेज्केल, जखऱ्या यांच्या पुस्तकांतून येतात आणि ती माहीत नसताना माणूस हव्या त्या बातमीला हवं ते चित्र चिकटवतो.

अध्याय वाचल्यावर दोन प्रश्न: यात देव कसा आहे असं दिसतं? आज मी काय करावं असं यातून कळतं? एका ओळीत लिहा. काहीच सुचलं नाही तर कोरं सोडा. दर वेळी हृदय भरून येईल असं नाही.

प्रार्थनेला शब्द सापडत नसतील तर प्रभूने शिकवलेली प्रार्थना सावकाश म्हणा. प्रेषितांच्या नंतरच्या पिढ्यांमधल्या 'दीदाखे' या छोट्या ख्रिस्ती ग्रंथात ती दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलं आहे. 'तुझं राज्य येवो' या ओळीपाशी क्षणभर थांबा. प्रभूच्या येण्याची प्रार्थना तुम्ही रोज करतच असता, फक्त लक्ष नसतं. त्यानंतर आजच्या दिवसातली एक गोष्ट नावाने त्याच्या हाती द्या: एखादी भेट, एखादं अवघड काम, एखादा माणूस ज्याच्याशी बोलताना तुमचा तोल जातो. सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाच्या परीक्षणाची एक रीत घालून दिली. ती कॅथलिक परंपरेतली असली तरी कोणालाही वापरता येते, आणि रात्रीच्या दहा मिनिटांत बसते. आधी दिवसातल्या देवाच्या उपकारांबद्दल आभार. मग स्वतःला खरं खरं बघण्यासाठी पवित्र आत्म्याचा प्रकाश मागायचा. सकाळपासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने डोळ्यांपुढून न्यायचा: कुठे प्रेमाने वागलो, कुठे खोटं बोललो, कुठे कुणाला टाळलं. चुकलं त्याची क्षमा मागायची. आणि उद्यासाठी एक निश्चय, एकच. झोपताना स्तोत्र 31:5 मधली ओळ म्हणा: मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो. ख्रिस्ती मंडळी रात्रीच्या उपासनेत ती शतकानुशतकं म्हणत आली आहे, आणि वधस्तंभावर प्रभूच्या तोंडीही तीच होती. दररोज या वाक्याने झोपणाऱ्या माणसाने मरणाची तालीम केलेली असते, आणि तीही शांतपणे.

प्रार्थना करता करता झोप लागली तर? लागू द्या. पित्याशी बोलताना झोप लागण्यात लाज कसली. रोज लागत असेल तर वेळ बदला.

पायरी पाचवी: हिशेब उघडे ठेवू नका

खरं काम इथे आहे, आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते. 'प्रभू आज रात्री आला तर' या प्रश्नाने पोटात गोळा येत असेल, तर त्या गोळ्याला बहुतेक वेळा एखादं नाव असतं: कोणाचे तरी बुडवलेले पैसे, भावाशी तुटलेलं बोलणं, अजून कोणाला न सांगितलेलं एक खोटं.

एक निवांत संध्याकाळ काढा. स्तोत्र 139 ची शेवटची दोन वचनं प्रार्थना म्हणून वाचा: देवा, मला पारखून बघ, माझ्यात काही वाईट मार्ग आहे का ते बघ. मग जे आठवेल ते कागदावर उतरवा. साधारण तीन प्रकारची नावं येतात.

काही गोष्टी फक्त तुमच्या आणि देवाच्या मधल्या असतात. त्या नावाने कबूल करा. 'देवा, माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर' हे वाक्य सोपं आहे, कारण त्यात एकही पाप नाही. 'मी हेव्यापोटी त्याचं नाव खराब केलं' हे अवघड आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात (1:9) वचन दिलं आहे की आपण पापं कबूल केली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, क्षमा करतो आणि शुद्ध करतो. एकदा कबूल केल्यावर तीच गोष्ट रोज रात्री पुन्हा उकरू नका. क्षमा मिळाली यावर विश्वास ठेवणं हाही सिद्धतेचाच भाग आहे. पुन्हा पुन्हा एकाच पापात पडत असाल तर ते एखाद्या परिपक्व विश्वासणाऱ्याला किंवा धर्मगुरूला सांगा. अंधारात ठेवलेलं पाप एकट्याने सुटत नाही, याकोबही एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतो (5:16).

दुसरी यादी तुम्ही दुखावलेल्या माणसांची. मत्तय 5:23-24 मध्ये प्रभू सांगतो की अर्पण वेदीपाशी आणलं असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. उपासना थांबली तरी चालेल, इतकी घाई. क्षमा मागताना चूक नावाने सांगा आणि तिथेच थांबा: "मी तुझ्याबद्दल खोटं बोललो. ते चूक होतं. मला क्षमा कर." त्यापुढे 'पण तूही' जोडू नका. 'तुला वाईट वाटलं असेल तर' हेही नको, त्यात चूक समोरच्याच्या वाटण्यावर ढकलली जाते. पैसे द्यायचे असतील तर द्या. लूक 19 मधल्या जक्कय या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि अन्यायाने घेतलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली. एवढं जमत नसेल तर हप्ते ठरवा, पण तारीख सांगून ठरवा. ज्याचं देणं होतं तो माणूस हयात नसेल तर त्याच्या घरच्यांना द्या.

एक सावधगिरी मात्र बाळगा. तुमच्या मनात कोणाबद्दल वाईट विचार आले आणि त्याला त्याचा पत्ताही नाही, तर ते देवापाशीच कबूल करा. त्याच्याकडे जाऊन सांगण्याने तुमचं ओझं हलकं होईल आणि त्याचं सुरू होईल. आणि कबुलीने तिसऱ्याच माणसाचं आयुष्य ढवळून निघणार असेल, तर आधी पाळकांचा सल्ला घ्या.

तिसरी यादी तुम्हाला दुखावणाऱ्यांची. यांना क्षमा करायची आहे, यात पर्याय नाही, प्रभूच्या प्रार्थनेतच ते आहे. पण क्षमा करणं आणि पुन्हा विश्वास टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक कोणी न सांगितल्यामुळे अनेकांचं, विशेषतः घरात मार खाणाऱ्या बायकांचं, नुकसान झालं आहे. क्षमा म्हणजे सूड घ्यायचा हक्क देवाच्या हाती देणं. मारणाऱ्या माणसाच्या घरात परत जाणं, गुन्हा लपवणं किंवा तक्रार न करणं असा तिचा अर्थ नाही. पौलही रोमकरांस 12:18 मध्ये मर्यादा घालतो: शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सगळ्यांशी शांतीने राहा. समेटाला दोघं लागतात. क्षमेला तुम्ही एकटे पुरता, मग तिला वर्ष लागलं तरी.

ही यादी एकदा संपली की पुढे ती वाढू न देणं सोपं जातं. रागात असताना सूर्य मावळू देऊ नका, हा इफिसकरांस पत्रातला सल्ला (4:26) रात्रीच्या त्या दहा मिनिटांसाठीच आहे असं समजा.

पायरी सहावी: मंडळीत बसा, एकट्याने नव्हे

इब्री लोकांस पत्राचा लेखक म्हणतो की आपलं एकत्र जमणं सोडू नका, उलट तो दिवस जवळ येताना दिसतो तसतसा एकमेकांना अधिक उत्तेजन द्या (10:25). ऑनलाइन प्रवचनं चांगली असतात, पण त्यांना तुमचं नाव माहीत नसतं. तुम्ही तीन रविवार दिसला नाहीत तर कोणी विचारणार नाही.

म्हणून रविवारच्या उपासनेशिवाय एक छोटा गट शोधा. जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीत 1742 पासून साधारण बारा-बारा जणांचे वर्ग असत. दर आठवड्याला ते भेटत आणि प्रत्येकाला त्याच्या आत्म्याची खुशाली विचारली जाई. चळवळ टिकली ती यामुळे, असं मला वाटतं. बारा जण मिळाले नाहीत तर दोघं पुरेत. एकाने दुसऱ्याला दर आठवड्याला एवढंच विचारायचं: या आठवड्यात प्रार्थना झाली का, आणि जे सोडायचं ठरवलं होतं ते सुटलं का?

शोधताना डोळे उघडे ठेवा. पुढारी स्वतःलाच देवाचा एकमेव संदेष्टा म्हणवत असेल, शेवट जवळ आला म्हणून घर विकून पैसे मंडळीला द्यायला सांगत असेल, औषधं बंद करायला लावत असेल, घरच्यांशी संबंध तोडायला सांगत असेल किंवा हिशेब विचारलेला खपवून घेत नसेल, तर तिथून निघा. निरोप घेत बसू नका.

पायरी सातवी: सोपवलेलं काम नीट करा, कागदपत्रंही

थेस्सलनीकामधल्या काहींनी कामधंदा सोडला होता आणि ते दुसऱ्यांच्या घरी जेवत होते. पौलाचं उत्तर रोखठोक आहे: ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये (दुसरं पत्र 3:10). प्रभू आला तेव्हा तुम्ही दुकानात असलात, मुलाचा अभ्यास घेत असलात किंवा आजारी आईची कूस बदलत असलात, तर तुम्ही नेमल्या जागीच होता. शेतात दोघे असतील, जात्यावर दोघी असतील, असंच प्रभूनेही सांगितलं आहे.

त्या कामात मात्र खोट नको. मापात मारणं नको, खोटी बिलं नकोत. कामगारांच्या थकवलेल्या पगारावर तर याकोबाच्या पाचव्या अध्यायात कडक शब्द आहेत, आणि तेही प्रभूच्या येण्याबद्दलच्या वचनांना लागूनच. महिन्याच्या मिळकतीतला एक ठरलेला भाग गरजवंतांसाठी आधीच बाजूला काढा. शेवटी उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही. आणि पैशापलीकडे एका माणसाकडे जा: दवाखान्यात, वृद्धाश्रमात किंवा शेजारी एकट्या राहणाऱ्याकडे.

आता एक गोष्ट, जी उपदेशांत क्वचित ऐकू येते. आतापर्यंतच्या सगळ्या विश्वासणाऱ्यांसाठी प्रभूच्या भेटीची घटका मरणाच्या दारातून आली आहे. बहुधा आपल्यासाठीही तशीच येईल. म्हणून मृत्युपत्र करा, कर्जांची आणि खात्यांची यादी घरातल्या एकाला माहीत असू द्या, अंत्यविधीबद्दल काही इच्छा असेल तर लिहून ठेवा. यात अविश्वास काही नाही. मागे राहणाऱ्यांना भांडण आणि गोंधळ वारशात मिळू नये, हेही प्रेमच आहे. पुढचे बेत जरूर करा, फक्त याकोब सांगतो तसं 'प्रभूची इच्छा असली तर' हे मनात ठेवून करा.

पायरी आठवी: मन कशाने जड होतं ते ओळखा

लूक 21:34 मध्ये प्रभू तीन गोष्टींबद्दल सावध करतो: गुंगी, दारूबाजी आणि संसाराच्या चिंता. पहिल्या दोन सगळ्यांना पाप वाटतात. तिसरी मात्र सद्गृहस्थाच्या घरात राजरोस राहते. दिवसभर हप्ते, मुलांचे गुण आणि लोक काय म्हणतील यांत बुडालेला माणूस दारू न पिताही गुंगीत असतो. फोनवरचे तास मी याच यादीत धरतो.

यावर जुना उपाय उपास. दीदाखेच्या काळातले ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करत. तुम्ही आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडून सुरुवात करा आणि तो वेळ प्रार्थनेला द्या. मधुमेह असेल, गरोदर असाल, औषधं चालू असतील किंवा जेवणाशी संबंधित आजार होऊन गेला असेल, तर अन्नाचा उपास करू नका. त्याऐवजी एक दिवस स्क्रीनचा करा. कोणाला सांगत फिरू नका, मत्तय 6 मध्ये त्याबद्दल स्पष्ट सूचना आहे.

काही महिने असे गेले की कोणीतरी विचारतं, तुझ्यात काय बदललं? त्यासाठी आपली साक्ष दोन-तीन मिनिटांत सांगता येईल अशी तयार ठेवा: आधी कसा होतो, ख्रिस्त कसा भेटला, आता काय वेगळं आहे. पेत्र म्हणतो की उत्तर द्यायला नेहमी सिद्ध असा, पण सौम्यतेने आणि आदराने (पहिलं पत्र 3:15). विचारल्याशिवाय लांबलचक सांगू नका.

खंड पडला तर

पडेल. गेथशेमाने बागेत प्रभूने तीन जवळच्या शिष्यांना जागे राहायला सांगितलं. तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा ते झोपलेले सापडले. तिथेच त्याने म्हटलं की आत्मा उत्सुक आहे, पण देह अशक्त आहे. त्या तिघांतल्या पेत्राने त्याच रात्री प्रभूला नाकारलं, आणि पुढे समुद्राच्या काठी, न्याहारीनंतर, त्यालाच मेंढरं सांभाळायचं काम मिळालं.

न्यायाच्या विचाराने झोप उडत असेल, एकच पाप शंभरदा कबूल केल्याशिवाय चैन पडत नसेल, तर तो तुमच्या विश्वासातला दोष समजू नका. पाळकांशी बोला आणि डॉक्टरांनाही भेटा, ही एक ओळखीची अडचण आहे आणि तिच्यावर उपचार आहेत.

बाकी खंडासाठी रीत सोपी आहे. आठवडा चुकला असेल तर सात अध्याय एका दमात भरून काढायला बसू नका, नवा कडक नियमही करू नका. खूण जिथे राहिली होती तो अध्याय उघडा, आजची पंधरा मिनिटं वाचा, आणि गटातल्या त्या एका माणसाला सांगा की मधले दिवस सुटले होते.